‘कळवतो’ म्हणाले, त्यानंतरचे पंधरा दिवस

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नोकरीच्या जाहिराती, अर्जाची शेवटची तारीख, मुलाखतीत विचारले जाणारे प्रश्न हे सगळे वर्तमानपत्रांत भरपूर छापून येते. मुलाखत देऊन आलेल्या आणि निवड न झालेल्या मुलामुलींनी पुढे काय करायचे, यावर मात्र फारसे कोणी लिहीत नाही. विदर्भातल्या खेड्यांत आज अशी घरे जागोजागी आहेत. पोरगा बुटीबोरीला, हिंगण्याला, नाहीतर अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेला एखाद्या कारखान्यात मुलाखत देऊन येतो. साहेब म्हणालेले असतात, आठ दिवसांत कळवतो. आठाचे पंधरा होतात, फोन येत नाही. घरचे रोज विचारतात, पारावरचे विचारतात, ‘काहून रे, लागला का?’ मग तो घराबाहेर पडणेच बंद करतो. हे पत्र त्या पंधरा दिवसांविषयी आहे. आमचे म्हणणे असे की, मुलाखत बिघडली तरी सगळे संपत नाही. दुसरी संधी बहुतेक वेळा या पंधरा दिवसांत, काहीच न केल्यामुळे किंवा भलतेच केल्यामुळे हातची जाते.

पहिले काम त्याच दिवशीचे. परतीच्या एस.टी.त बसल्या बसल्या वहीत लिहून काढावे: कोणकोणते प्रश्न विचारले, आपण काय सांगितले, कुठे अडलो, समोर किती जण होते, कोण कोणत्या हुद्द्याचे, पदाचे नेमके नाव काय, पगार किती सांगितला, कोणती पाळी, कधीपर्यंत कळवणार. दोन दिवस गेले की यातले काही आठवत नाही. आठवतो तो फक्त एकच प्रश्न, ज्याला आपण गप्प बसलो होतो. मग मुलगा पुढचे सहा महिने त्या एका प्रश्नाच्या ओझ्याखाली राहतो, आणि नकार प्रत्यक्षात दुसऱ्याच कारणाने आलेला असतो.

नकाराचे कारण शोधायचे तर आधी कागद तपासावेत. कौशल्य कमी पडल्याने जितके गळतात, तितकेच कागदाने गळतात, हे मुलांना पटत नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव एका तऱ्हेने आणि आधारवर दुसऱ्या तऱ्हेने. आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. नॉन-क्रिमीलेयरची मुदत ३१ मार्चला संपलेली आणि मुलाखत एप्रिलमध्ये. जातीचा दाखला आहे, पण जात वैधता प्रमाणपत्राचा प्रस्ताव अजून समितीकडेच. आयटीआयचे मूळ प्रमाणपत्र आलेले नाही आणि त्याऐवजी फक्त गुणपत्रक दाखवलेले. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींना तर हमखास अडवले जाते. त्यांनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाच्या राजपत्राची प्रत फाईलमध्ये कायमची ठेवावी. मुलाखत घेणारे यातले काही तोंडावर सांगत नाहीत. ‘बघू, कळवतो’ एवढेच म्हणतात. कागदाचा दोष असेल तर ती चांगली बातमी समजावी, कारण तो आपले सरकार केंद्रावर आणि तहसील कार्यालयात खेटे घालून का होईना, दुरुस्त होतो. आधारवरचे नाव आधी सुधारावे की गुणपत्रिकेवरचे, असा गोंधळ होतो. दहावीची गुणपत्रिका हा मूळ आधार धरावा आणि बाकीचे कागद तिच्याशी जुळवावेत. गुणपत्रिकेतच चूक असेल तर शाळेमार्फत मंडळाकडे जावे. त्याला वेळ लागतो, म्हणून ते आजच सुरू करावे.

दुसरे कारण हाताच्या कामाचे. इथे ‘तयारी कमी पडली’ असे मोघम म्हणून चालत नाही, नेमके काय कमी पडले ते कळले पाहिजे. फिटरच्या मुलाला व्हर्नियर हातात देतात आणि माप वाचायला सांगतात. तो मुख्य पट्टीचे माप बरोबर सांगतो, पण जुळणारी रेघ शोधून तिला ०.०२ ने गुणायचे विसरतो. मायक्रोमीटरवर ०.०१ मिलिमीटरपर्यंत वाचायचे असते, तिथे अर्ध्या मिलिमीटरची रेघ दिसली की नाही यावर सगळे माप चुकते. इलेक्ट्रिशियनला विचारतात, स्टार-डेल्टा स्टार्टर का लावतात. ‘मोटार सुरू करायला’ हे उत्तर पुरत नाही. सुरुवातीला लाइनमधून ओढला जाणारा करंट थेट सुरू करण्याच्या तुलनेत एक तृतीयांशावर येतो, आणि त्याबरोबर टॉर्कही तेवढाच कमी होतो, म्हणून भाराखाली सुरू होणाऱ्या मोटारीला हा स्टार्टर चालत नाही, इथपर्यंत सांगता आले पाहिजे. वेल्डरला ३.१५ मिलिमीटरचा रॉड देऊन करंट लावायला सांगतात; साधारण ९० ते १३० ॲम्पियरच्या आत राहायचे हे ठाऊक नसेल तर एक तर रॉड चिकटतो, नाहीतर पत्र्याला भोक पडते. कॉमर्सच्या मुलीला टॅली येते का विचारतात, ती हो म्हणते, मग जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी या जीएसटीच्या विवरणपत्रांत काय फरक आणि दरमहा भरणाऱ्यासाठी त्यांच्या तारखा कोणत्या असे विचारले की थांबते. तारखा पुढच्या महिन्याच्या ११ आणि २०. एवढ्याशा गोष्टीवर जागा जाते, आणि एवढीशी गोष्ट आठ दिवसांत शिकता येते. आपल्या आयटीआयच्या निदेशकांकडे जाऊन ‘सर, एक तास व्हर्नियर द्या’ म्हणायला लाजू नये. पास झालेला विद्यार्थी परत आला तर निदेशकांना त्याचे ओझे वाटत नाही.

तिसऱ्या कारणाचा मुलांना पत्ताच नसतो. त्याला आम्ही ‘राहण्याचे उत्तर’ म्हणतो. कारखान्यात, पतपुरवठा कंपन्यांत, मॉलमध्ये, सगळीकडे एक प्रश्न असतोच: ‘इथे खोली घेऊन राहाल का?’ गावाकडचा मुलगा खरेपणाने म्हणतो, ‘घरी विचारून सांगतो.’ मुलाखत तिथेच संपते. दुसरा प्रश्न, ‘घरी शेती आहे का?’ वडिलांची चार एकर कपाशी आहे हे तो अभिमानाने सांगतो. समोरच्याच्या डोक्यात मात्र जून महिना येतो, पेरणीला हा सुट्टी मागणार. मग ऑक्टोबर येतो, सोयाबीनच्या सोंगणीला हा आठ दिवस गायब होणार. कारण असे झालेले त्यांनी पाहिलेले असते. यावर खोटे बोलायची गरज नाही. मुलाखतीला निघण्यापूर्वी घरी बसून ठरवावे: राहण्याचा खर्च पहिले दोन महिने कसा भागवायचा, पेरणीला माणूस कोण. मग उत्तर असे देता येते: ‘शेती आहे, ती वडील आणि भाऊ पाहतात. मी बुटीबोरीत मित्राच्या खोलीवर राहणार आहे, सोमवारपासून येऊ शकतो.’ एवढे एक वाक्य तयार नसल्याने चांगली मुले परत आलेली आहेत. पतपुरवठा कंपन्यांच्या वसुली अधिकाऱ्याच्या जागेसाठी तर स्वतःची दुचाकी आणि चालू लायसन्स आहे की नाही, यावरच अर्धा निर्णय होतो. लर्निंग लायसन्स दाखवून ते काम होत नाही.

भाषेबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. वऱ्हाडी बोलल्यामुळे नाकारले, अशी खंत पुष्कळ मुले मनात धरून बसतात. ‘मले’, ‘तुले’ तोंडात येईल या धास्तीने ती उसने, गुळगुळीत बोलायला जातात, वाक्य मध्येच तुटते आणि येत असलेले उत्तरही राहून जाते. नागपूर भागातल्या कारखान्यांत खरा अडसर वऱ्हाडीचा नसतो, हिंदीचा असतो. तिथला सुपरवायझर बऱ्याचदा हिंदीत विचारतो, कामगारही हिंदीत बोलतात. इंग्रजीच्या भीतीने क्लास लावणाऱ्या मुलाने हिंदीचा सराव केलेलाच नसतो. रोज दहा मिनिटे, आपल्या ट्रेडमधले एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत हिंदीत मोठ्याने सांगावे. पंधरा दिवसांत फरक पडतो.

आता नकाराचे कारण विचारण्याविषयी. मुले एक तर विचारतच नाहीत, नाहीतर दिवसाला तीन फोन करतात. काही जण एचआरचा, म्हणजे कंपनीच्या मनुष्यबळ विभागातल्या साहेबांचा, नंबर सेव्ह करून त्यांना रोज सकाळी शुभप्रभाताचे चित्र पाठवतात. काहींचे वडील गावच्या पुढाऱ्याकरवी फोन करवतात. या सगळ्याच गोष्टी नुकसानीच्या आहेत. पुढाऱ्याचा फोन गेला की पुढे येणाऱ्या जागेसाठीही ते नाव बाजूला पडते, कारण उद्या कामावर काही बोलले की पुन्हा त्याच पुढाऱ्याचा फोन येईल ही भीती असते. सांगितलेली मुदत संपल्यावर दोन दिवस थांबावे आणि एक संदेश पाठवावा. महिन्याच्या १ ते ७ तारखेत पाठवू नये. वेतन संहितेप्रमाणे महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत करावा लागतो, त्या दिवसांत एचआर हजेरीच्या हिशोबात बुडालेले असतात. सोमवारची सकाळही टाळावी. संदेश साधारण असा असावा:

‘नमस्कार सर. मी १२ तारखेला मेंटेनन्स फिटर पदासाठी मुलाखत दिली होती. निकालाची माहिती मिळाली तर बरे होईल. निवड झाली नसल्यास, पुढच्या वेळेसाठी मी कोणत्या एका गोष्टीवर मेहनत घ्यावी, हे कृपया सांगावे. निवडलेला उमेदवार रुजू न झाल्यास किंवा नवी जागा निघाल्यास मी चार दिवसांत रुजू होऊ शकतो. आपला वेळ दिल्याबद्दल आभार.’ खाली पूर्ण नाव, ट्रेड, गाव, दोन मोबाईल नंबर.

यात ‘माझे काय चुकले’ असे विचारलेले नाही, ते मुद्दाम. तसे विचारले की समोरचा सावध होतो, वाद नको म्हणून उत्तरच देत नाही. ‘कोणत्या एका गोष्टीवर’ असे विचारले तर बरेच जण एक ओळ तरी लिहितात. उत्तर नाही आले तर आठ दिवसांनी एक फोन करावा, साडेअकरा ते साडेबारा किंवा दुपारी तीननंतर. पुन्हा विचारू नये. त्या जागेची वाट पाहणे तिथे थांबवावे आणि दुसरे अर्ज करावेत. दुसरे अर्ज खरे तर मुलाखतीच्या दुसऱ्या दिवसापासूनच चालू असायला हवेत, पण घरात ‘ते कळवणार आहेत ना’ या आशेवर सगळे थांबून असतात.

संदेशातले शेवटचे वाक्य सगळ्यात महत्त्वाचे आहे. निवड झालेला उमेदवार रुजूच होत नाही, किंवा पहिल्या पगारानंतर सोडून जातो, हे कारखान्यांत नेहमीचे आहे. अशा वेळी नव्याने मुलाखती घेण्यापेक्षा यादीतल्या पुढच्या नावाला फोन जातो. तो फोन उचलला गेला पाहिजे. इथे खेड्यातल्या मुलांची मोठी चूक होते. रिचार्ज संपलेले असते आणि काही दिवसांत येणारे फोनही बंद होतात. गावात रेंज एका कोपऱ्यात मिळते आणि मुलगा शेतात असतो. अनोळखी नंबर म्हणून फोन कापला जातो. अर्जात दिलेला ई-मेल नेट कॅफेवाल्याने काढून दिलेला असतो आणि पासवर्ड त्याच्याकडेच असतो. निवडीचे पत्र त्या ई-मेलमध्ये दोन महिने पडून राहते. म्हणून ज्या दिवशी मुलाखत देऊन आलात, त्या दिवशी चार कामे करावीत: पुढच्या दोन महिन्यांचे रिचार्ज, स्वतःच्या हाताने काढलेला ई-मेल, अर्जात दुसरा नंबर म्हणून तालुक्याच्या गावी राहणाऱ्या नातेवाइकाचा नंबर, आणि दर दोन दिवसांनी ई-मेलचा स्पॅम कप्पा उघडून पाहण्याची सवय.

त्याच कंपनीत पुन्हा जाता येते का, असे विचारले जाते. येते. बहुतेक ठिकाणी तीन ते सहा महिन्यांनी त्याच पदासाठी पुन्हा अर्ज घेतात. अट एकच: मधल्या काळात आपल्यात काय बदलले ते बायोडाटात दिसले पाहिजे. तोच कागद पुन्हा नेला तर तोच निकाल मिळतो. ‘आधी आला होता का?’ विचारले तर सरळ हो म्हणावे आणि ‘तेव्हा मला मायक्रोमीटर नीट वाचता आला नव्हता, आता येतो, देऊन बघा’ असे सांगावे. लपवले तर नोंदीत सापडते आणि मग कौशल्याचा प्रश्नच उरत नाही.

एक दार तर मुले ठोठावतच नाहीत. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ प्रमाणे ३० किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. म्हणजे ज्या कारखान्याने कामगार म्हणून नाही म्हटले, तिथेच ॲप्रेंटिस म्हणून जागा असू शकते. नाही कळल्यावर त्याच फोनवर विचारावे, ‘सर, माझ्या ट्रेडमध्ये ॲप्रेंटिस घेता का?’ विद्यावेतन कमी असते, खोलीभाडे आणि मेस वजा जाता हातात थोडेच उरते, हे खरे. पण त्या आवारात वर्षभर काम केलेल्याला पुढच्या भरतीत कोणी अनोळखी म्हणत नाही. फाटकावरचा ठेकेदार ‘हेल्पर म्हणून ये, मग बघू’ म्हणतो, त्याबाबत मात्र सावध राहावे. हुद्दा लिहून मिळत नसेल, पगार बँकेत येत नसेल, पीएफचा यूएएन क्रमांक मिळत नसेल, तर दोन वर्षांनी हातात अनुभवाचा एकही कागद नसतो. जवळच्या जिनिंगमध्ये हंगामापुरते, अकोल्याच्या दाल मिलमध्ये, गोंदिया-भंडाऱ्याकडच्या राईस मिलमध्ये मोटारी आणि पट्टे सांभाळण्याचे काम मिळाले तर ते घ्यावे आणि निघताना मालकाच्या सही-शिक्क्याचे पत्र मागून घ्यावे. बायोडाटातल्या रिकाम्या वर्षापेक्षा ‘जिनिंग फॅक्टरी, इलेक्ट्रिशियन, नोव्हेंबर ते मार्च’ ही ओळ कितीतरी भारी पडते.

सरकारी भरतीचा हिशोब वेगळा आहे, थोडक्यात सांगतो. तिथे गुण असतात, आणि ते मागता येतात. आयबीपीएसमार्फत होणाऱ्या बँकेच्या पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) भरतीत मुख्य परीक्षा आणि मुलाखत यांचे प्रमाण ८० ला २० असते. अंतिम यादीत दोन गुणांनी नाव राहिले असेल तर ते मुलाखतीच्या १०० पैकी दहा गुण होतात, किंवा मुख्य परीक्षेचे शेकडा अडीच. हे गणित मांडले की ‘मुलाखतीतच पाडले’ हा समज बहुतेक वेळा गळून पडतो आणि पुढच्या वर्षी मेहनत कुठे घ्यायची ते कळते. राज्य सरकारच्या भरतीत गुण किंवा प्रतीक्षा यादीची स्थिती कळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करावा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. ३० दिवसांत उत्तर नाही आले किंवा अर्धवट आले तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिले अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोग. त्याची खंडपीठे नागपूर आणि अमरावती दोन्हीकडे आहेत. स्वतःचे गुण, आपल्या प्रवर्गात शेवटी निवडलेल्याचे गुण आणि प्रतीक्षा यादीतला आपला क्रमांक, एवढेच मागावे. मुलाखत घेणाऱ्यांची नावे मागू नयेत. ती देण्याची गरज नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितले आहे, आणि त्या एका मागणीपायी सगळा अर्ज लांबतो.

प्रतीक्षा यादीत नाव असेल तर घरी बसू नये. यादीची मुदत जाहिरातीत दिलेली असते, ती वहीत लिहून ठेवावी. निवडलेला उमेदवार रुजू झाला नाही असे कळले तर कार्यालयात साध्या कागदावर अर्ज द्यावा की रिक्त राहिलेली जागा प्रतीक्षा यादीतून भरावी, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नये. शिक्क्याशिवायचा अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. खरोखर अन्याय झाला असेल तर राज्य सेवेतल्या पदांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचे नागपूरला खंडपीठ आहे, पण तिथे अर्ज करायला साधारण एका वर्षाची मुदत असते. खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३ ही राज्याच्या भरतीतली सर्वसाधारण वयोमर्यादा धरली तर पंचविशीतल्या मुलाने एका नकाराने सरकारी नोकरीचा नाद सोडण्याचे कारण नाही. पण त्या भरवशावर दहा वर्षे दुसरे काहीच न करणे आम्हाला पटत नाही. हाताला काम आणि अभ्यास दोन्ही सोबत चालावेत.

याच पंधरा दिवसांत फसवणारे दाराशी येतात. निवड न झालेल्यांची यादी त्यांच्याकडे कशी पोहोचते कोण जाणे, पण फोन येतो: ‘तुमचे नाव थोडक्यात राहिले आहे, साहेबांशी बोलणे झाले आहे, मुलाखत पुन्हा लावून देतो.’ पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत आकडे ऐकू येतात, आणि घरचे कापूस विकून, एखादा एकर गहाण टाकून पैसे उभे करतात. एक साधी गोष्ट ध्यानात ठेवली तर यातली पुष्कळ फसवणूक टळेल. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या आहेत. रेल्वेच्या ग्रुप डीला मुलाखत नसते, बँकेच्या क्लार्कला नसते, पोलीस शिपायाला नसते, तलाठ्याला नसते. जिथे मुलाखतच नाही, तिथली मुलाखत कोणी पैसे घेऊन लावून देऊ शकत नाही. खासगी कंपनीसुद्धा गणवेश, सुरक्षा ठेव किंवा प्रशिक्षणाच्या नावाने रुजू होण्याआधी पैसे मागत असेल तर ती नोकरी नव्हे. पैसे गेलेच असतील तर लाज धरून वेळ घालवू नये. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करावा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर खात्यातली रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

प्रवासाचाही विचार हवा, कारण नकार पचवायला लागणारे अर्धे बळ भाड्यातच खर्च होते. महिन्याला किती मुलाखती परवडतात हे आधी ठरवावे. सिरोंच्याच्या किंवा धारणीच्या मुलाला नागपूर-अमरावतीची एक फेरी म्हणजे दोन दिवस आणि मुक्काम. त्याने फोनवर आधी विचारावे की पहिली फेरी व्हिडिओ कॉलवर होईल का. हल्ली बऱ्याच कंपन्या तयार होतात. यवतमाळ-वर्ध्याकडून येणारी मुले बुटीबोरीच्या मुलाखतीसाठी आधी नागपूर गाठतात आणि उलटी परत येतात. बुटीबोरी वाटेतच, नागपूरच्या अलीकडे तीसेक किलोमीटरवर लागते. मुलींना मार्च २०२३ पासून एस.टी.त अर्धे तिकीट आहे, त्यामुळे मुलीला लांब पाठवायला खर्चाचे कारण आता तितकेसे खरे राहिलेले नाही.

आणि शेवटी मनाविषयी. नकार कळल्यावर दोन-तीन दिवस जेवण जात नाही, झोप लागत नाही, कोणाशी बोलावेसे वाटत नाही. हे साहजिक आहे, त्यावर ‘एवढे काय मनाला लावून घेतो’ असे म्हणू नये. त्या दिवसांत मुलाला शेतावर, कामावर सोबत न्यावे, नोकरीचा विषय त्याने काढल्याशिवाय काढू नये. घरात भावाची, चुलतभावाची तुलना करू नये. पण दोन आठवडे उलटूनही तसेच चालू असेल, पहाटे दोन-तीनला जाग येत असेल, ‘मी तुमच्यावर ओझे आहे’ अशी भाषा येत असेल, तर वाट पाहू नये. सरळ विचारावे, ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ असे विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. उलट बोलायला वाट मिळते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो, तिथे चिठ्ठी काढून दाखवावे. आपल्याकडे घरोघरी फवारणीची औषधे असतात. ती कुलपात ठेवावीत आणि किल्ली घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्यावी. ही खबरदारी एरवीही घ्यायची आहे, अशा दिवसांत तर आजच घ्यायची आहे.

नोकरी देणाऱ्यांकडे आमची एक मागणी आहे. ज्याने दोनशे किलोमीटरवरून येऊन मुलाखत दिली, त्याला दहा दिवसांच्या आत एका ओळीचा एसएमएस करावा: ‘या वेळी निवड झालेली नाही.’ जमले तर कारणाचा एक शब्द: कागदपत्रे, प्रात्यक्षिक, की जागा भरली. एका संदेशाला पैशांत मोजावा इतकाच खर्च येतो. त्या एका ओळीवाचून मुलगा महिनाभर फोन उशाशी घेऊन झोपतो आणि दुसरीकडे अर्ज करत नाही. रोजगार मेळावे भरवणाऱ्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रांनी मेळाव्यात येणाऱ्या कंपन्यांना हीच अट घालावी. किती जणांची निवड झाली एवढाच आकडा न देता, न निवडलेल्यांना किती दिवसांत कळवले तेही मागावे.

आपल्याला विनंती अशी की, आपल्या अंकात दर आठवड्याला जाहिरातींचा रकाना येतो, त्याच्याच खाली एक छोटी चौकट द्यावी. जिल्ह्यात कोणत्या भरतीची प्रतीक्षा यादी कोणत्या तारखेपर्यंत चालू आहे, कुठे ॲप्रेंटिसच्या जागा रिक्त आहेत आणि मेळाव्याला आलेल्या कोणत्या कंपनीने निकाल कळवला, कोणत्या कंपनीने नाही, एवढेच त्यात असावे. माहिती जमवायला तालुक्यातले आम्ही काही जण मदत करू.

आपले,
आयटीआयमधले काही निदेशक आणि गावच्या अभ्यासिकांत मुलांना नोकरीविषयी मार्गदर्शन करणारे कार्यकर्ते,
तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ